वाटी झालेला रुमाल

ज्या प्रकरणावरून माझं एम.फिल. अडलं होतं, ते प्रकरण शेवटी एक ओळही न कापता प्रबंधात गेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं सांगताना माझा आवाज चढणार आहे, आणि तो का चढतोय हे वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं. जिंकल्याचा आनंद मला लपवता येत नाही. घरचे म्हणतात, थोडा लपवायला शीक. मला त्यात काही शिकण्यासारखं दिसत नाही.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही तेव्हा भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर राहायचो. मी, नवरा आणि सासूबाई. गिरगावातल्या दीड खोलीतून वन बीएचकेत आलो तेव्हा सासूबाईंना लिफ्टचा फार अभिमान वाटला होता. ती वरचेवर बंद पडायला लागल्यावर त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला फैलावर घ्यायला सुरुवात केली. मी नोकरी सोडून तिशीत पुन्हा समाजशास्त्राकडे वळले होते, आणि विषय असा घेतला होता की, बायको काय शिकतेय असं कोणी विचारलं की नवरा चहाचं बघायला आत जायचा. एकच आवड असलेली माणसं इंटरनेटवरच्या ग्रुपमध्ये एकमेकांशी कशी वागतात, हा माझा विषय.

ग्रुप मी निवडला तो क्रोशाच्या विणकामाचा. मला स्वतःला साखळीच्या साध्या टाक्यापुढे काही विणता येत नाही, त्यामुळे विणकामात न गुंतता बायकांकडे बघता येईल असा माझा हिशेब होता. ई-मेलवर चालणारा हा मराठी बायकांचा ग्रुप. कोणी साताऱ्याची, कोणी वसईची, कोणी मस्कतला गेलेली. बहुतेक जणी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. मराठी लिहायच्या ते इंग्रजी अक्षरांत, म्हणून काही मेल डोळ्यांनी वाचून कळायच्या नाहीत, तोंडाने म्हणून पाहिल्या की कळायच्या. नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका हा ग्रुप चालवायच्या. त्यांना सगळ्या ताई म्हणत.

घरातली कामं आवरली की मी रोज दुपारी कॉम्प्युटरसमोर बसायचे. एखादीने फोटो पाठवला की आधी दोघीतिघी कौतुक करणार, मग कोणीतरी दोरा कोणत्या नंबरचा ते विचारणार, आणि मग एक बाई हमखास सांगणार की हे मी मागेच केलं होतं. भांडणं व्हायची ती रंगावरून किंवा सुईच्या जाडीवरून. ती मिटवायला मध्ये कोणी पडायचं नाही. कोणीतरी एक नवा नमुना पाठवून द्यायची आणि सगळ्या तिकडे वळायच्या. एकदा एकीने लिहिलं की नवरा हॉस्पिटलमध्ये आहे, दिवसभर बाकड्यावर बसून असते. तिला एकीनेही धीर धरा म्हणून लिहिलं नाही. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे पर्समध्ये मावतील, बाकड्यावर बसून करता येतील असे कितीतरी छोटे छोटे नमुने जमा झाले. ते वाचून मी आधी रडले आणि मग त्याची नोंद केली. या कामासाठी नोकरी सोडली ते बरंच केलं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पण लिहिणाऱ्या बायका मूठभर. बाकीच्या सगळ्या नाव नोंदवून आत आलेल्या आणि नंतर चकार शब्द न काढलेल्या. लिहिणाऱ्या त्यांना 'खिडकीतल्या' म्हणायच्या. बिल्डिंगखाली गप्पा रंगल्या की वरच्या मजल्यावरच्या खिडकीत एखादी उभी असते, खाली येत नाही पण आतही जात नाही, तशा या. कधी लाडाने म्हणायच्या, कधी चिडून. 'खिडकीतल्यांनो, निदान नमस्कार तरी करा,' असं कोणीतरी अधूनमधून लिहायचं, आणि त्यावर अर्थातच कोणाचा नमस्कार यायचा नाही.

माझं सगळं लक्ष या खिडकीतल्यांकडे लागलं. सोसायटीच्या मीटिंगला मागच्या खुर्चीत बसणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या. तोंडातून शब्द नाही, पण पाण्याच्या टँकरबद्दल काय ठरलं ते घरी जाऊन बरोब्बर सांगणार. त्यांना कोणी हिशेबात धरत नाही याचा मला जुना राग होता. म्हणून मी एक अख्खं प्रकरण लिहिलं: न बोलणारी माणसंही ग्रुपमध्येच असतात आणि त्यांच्या असण्याने ग्रुप घडतो.

माझ्या सरांनी ते प्रकरण वाचलं आणि नापसंतीची एक मोठी रेघ मारली.

सर माणूस म्हणून वाईट नव्हते. चाळींतून, गोद्यांमध्ये, मिठागरांवर हिंडून त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला होता. चपला झिजल्याशिवाय समाजशास्त्र होत नाही, हे ते वर्गात इतक्यांदा म्हणायचे की मुलं त्यांच्या आधी म्हणायची. इंटरनेटचा विषय त्यांनी नाइलाजाने मान्य केला होता. बोलणाऱ्यांचा अभ्यास त्यांना चालत होता, कारण तिथे निदान शब्द होते. पण गप्प बसणाऱ्यांचं प्रकरण म्हणजे त्यांच्या मते निव्वळ माझी इच्छा होती. समाज म्हणजे देवाणघेवाण, जी काही देत नाही ती समाजात नाही, नाव नोंदवून ती कधीच निघून गेली असेल, तुम्हाला काय माहीत, असं त्यांचं म्हणणं. आणि मला खरंच माहीत नव्हतं. मी ग्रुपच्या गप्पांमधून खिडकीतल्यांना प्रश्नावली पाठवून पाहिली होती. एकीनेही उत्तर दिलं नाही. गप्प बसणाऱ्यांना प्रश्न विचारायला निघालात, म्हणून सर मनापासून हसले होते.

मग त्यांनी सरळ सांगितलं. एक तर हे प्रकरण काढा, नाहीतर दुसरा मार्गदर्शक शोधा. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. दुसरा मार्गदर्शक म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि त्या वयात, त्या परिस्थितीत मी पुन्हा सुरुवात केली नसती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. प्रकरण काढलं असतं तर डिग्री मिळाली असती. नवऱ्याचं मत तेच होतं. सासूबाई म्हणाल्या, "एवढं लिहिलंस ते काढायचं कशाला? त्यांना म्हणावं, वाचायचं नसेल तर पान उलटा." शास्त्रीयदृष्ट्या या सल्ल्याचा उपयोग नव्हता, पण त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

अशा वेळी ग्रुपमध्ये 'गुपित' सुरू झालं.

गुपित म्हणजे त्या ग्रुपची खास पद्धत. ताई एक नमुना मनात धरायच्या आणि तो काय आहे ते कोणालाही सांगायच्या नाहीत. दर सोमवारी काही फेऱ्यांची कृती मेलने यायची. तेवढंच विणायचं आणि पुढच्या सोमवारची वाट बघायची. कृतीत वस्तूचं नाव शेवटपर्यंत नसायचं, शेवटच्या सोमवारी हातात काय तयार झालं ते बघूनच कळायचं. कोणाला आधी ओळखता आलं तरी तिने गप्प बसायचं, हा नियम. भल्या भल्या बोलक्या बायका हा नियम पाळायच्या याचं मला राहून राहून नवल वाटायचं.

सासूबाईंना क्रोशा उत्तम यायचा. कॉम्प्युटरला त्या हात लावत नसत. मी मेलची प्रिंट काढून त्यांना द्यायचे. सुरुवातीला मी गप्पांच्या मेलही दिल्या, तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत केल्या. म्हणाल्या, "कोणाच्या जावेने काय केलं ते मला नको सांगूस. कृती तेवढी दे." गंमत म्हणजे ग्रुपमध्येही तशी सोय होती. गप्पा नको असतील तर फक्त ताईंची सोमवारची कृतीची मेल यावी, असं सभासदाला ठरवता यायचं. ही सोय कोणी घेतली आहे ते मात्र कोणालाच दिसत नसे.

त्या खेपेचं गुपित म्हणजे क्रीम रंगाच्या दोऱ्याचा एक गोल रुमाल होता, टीपॉयवर घालायचा. शेवटून दुसऱ्या सोमवारच्या कृतीत ताईंच्या हातून एक वाक्य लिहायचं राहून गेलं. 'प्रत्येक फेरीत आधीसारखेच खांब वाढवत न्या.' खांब म्हणजे क्रोशातला उभा टाका. गोल विणताना फेरी मोठी होत जाते, तसे खांबही वाढवावे लागतात, तरच विणकाम सपाट पडतं. वाढवले नाहीत तर कडा उभ्या राहतात. बोलणाऱ्या बायकांनी दुपारपर्यंत ही चूक पकडली. गप्पांत एकच कल्लोळ झाला, ताईंनी तिथेच माफी मागून सुटलेलं वाक्य सांगितलं, सगळ्यांनी फेऱ्या उसवल्या, पुन्हा विणल्या आणि शेवटी टीपॉयवर सपाट रुमाल अंथरून फोटो पाठवले. माझ्या दृष्टीने विषय संपला. मी त्याचा 'चूक झाल्यावर ग्रुप कसा वागतो' म्हणून छानसा परिच्छेदही लिहून टाकला.

मग एका दुपारी स्वयंपाकघरात गेले तर पाण्याच्या कळशीवर क्रीम रंगाची, विणलेली, नक्षीदार वाटी उपडी घातलेली.

मी म्हटलं, "आई, हा रुमाल आहे. सपाट व्हायला हवा होता."

"कोण म्हणतं? कृतीत लिहिलंय तश्शी विणलीय. झाकण आहे ते."

"अहो, ताईंची चूक झाली होती. नंतर गप्पांमध्ये त्यांनी सांगितलं."

"तुमच्या गप्पा तुमच्यापाशी," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या कळशीला बरोबर बसलंय." आणि खरंच ते इतकं नेमकं बसलं होतं की मला पुढे वाद घालता येईना.

मी हसले आणि विसरले. पुढच्या आठवड्यात ब्लाउज शिवायला टाकायचे होते म्हणून नवघर गावात गेले. आमच्या रोडवरून आत वळलं की दोन टॉवरच्या मध्ये अजून कौलारू घरं होती, तुळशीवृंदावनासकट. त्यातल्या एका घरात माझे ब्लाउज शिवणारी बाई राहायची. घराणं तिथलं जुनं, पूर्वी मिठागर आणि भाताची शेती असलेलं. तिच्या शिलाई मशीनच्या शेजारी क्रीम रंगाची वाटी होती. खळ घालून कडक केलेली, आत बटणं आणि बॉबिनी. कडेला तीच नक्षी, तोच शेवटचा काठ.

मी विचारलं, हे कुठून शिकलात? ती म्हणाली, नणंद ऑफिसातून मेल छापून आणते, दर सोमवारी काहीतरी येतं. ग्रुपमध्ये नाव मात्र नणंदेचं नाही, या शिवणाऱ्या बाईचंच होतं. मग तुम्ही कधी काही लिहीत कशा नाही, असं मी विचारलं तेव्हा तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"लिवाया न्हाय जमत माना. पन सोमवारचा वाचतंय ना मी सगला. सोमवार आला का आधी ता बघतंय, मंग चूल." आणि माझ्याकडे जरा संशयाने बघत म्हणाली, "का? चुकला हाय काय कय?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात चुकलेलं नाही."

ब्लाउजचं माप न देताच मी बाहेर पडले. नवघर रोडवर भरदुपारी चालताना माझ्या लक्षात आलं की माझ्या हाती काय लागलंय. दुरुस्ती फक्त गप्पांमध्ये सांगितली गेली होती. जी गप्पा वाचत होती तिचा रुमाल सपाट झाला. जी फक्त सोमवारची कृती वाचत होती, कोणाशी बोलत नव्हती, पण टाका टाका त्याबरहुकूम विणत होती, तिची वाटी झाली. म्हणजे जिच्या घरात वाटी, ती खिडकीतली. ती निघून गेलेली नव्हती, दर सोमवारी तिथे होती, आणि ताईंची चूक तिने मनोभावे विणून ठेवली होती. मी स्वतःच्या बिल्डिंगच्या पुढे बरीच चालत गेले होते. मागे फिरून, बंद लिफ्टला मनातल्या मनात आशीर्वाद देत, जिने धावत चढले. इतका आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.

सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, दोन बायकांवरून समाज ठरत नाही, त्यातल्या एक तुमच्या सासूबाई. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पण बोलणं बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणून तर जास्त झाली.

आता एकच मार्ग होता. ताईंनी सोमवारच्या खास मेलमधून विचारायला हवं होतं की तुमच्यापैकी कोणाची वाटी झाली? ती मेल खिडकीतल्यांपर्यंत पोचली असती. ताईंना हे लिहिलं तर त्यांचं उत्तर तडकाफडकी आलं. एवढी वर्षं मुलींना शिकवलं, या वयात माझी चूक मी सगळ्या सभासदांसमोर चव्हाट्यावर मांडू? मी वाद घातला नाही. सासूबाईंच्या कळशीचा आणि नवघरच्या बटणांच्या वाटीचा फोटो काढून नुसता पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी ताईंची एक ओळ आली. ही तर माझ्या रुमालापेक्षा चांगली दिसतेय हो. आणि त्या सोमवारी कृतीच्या जागी त्यांनी चूक मोकळेपणाने सांगून विचारलं, ज्यांचा रुमाल वाटी झाला त्यांनी कळवावं.

पहिले दोन दिवस एकही मेल आली नाही. सासूबाईही माझ्या मागे खुर्ची ओढून बसायला लागल्या, कॉम्प्युटरकडे बघत, जणू त्यात दूध उतू जाणार होतं. आणि मग त्या बायका बोलायला लागल्या. ज्यांची नावं मी फक्त सभासदांच्या यादीत पाहिली होती, त्या एकामागून एक खिडकीतून खाली उतरत होत्या. कोणी त्या वाटीत देवाची फुलं ठेवत होती. कोणी ती नातीच्या डोक्यावर टोपी म्हणून घातली होती आणि नात वैतागलेली होती. मस्कतच्या बाईने फोनवर घातली होती, धूळ बसू नये म्हणून. एकीजवळ कॅमेरा नव्हता, तिने वाटी ऑफिसच्या स्कॅनरवर दाबून तिचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, कृपया ही उभी आहे असं समजावं. एकीने फक्त एवढंच लिहिलं की माझीही वाटीच झाली, मला वाटलं तशीच असते. बोलक्या बायका थक्क झाल्या. ज्यांना त्या इतके दिवस गप्प बसता म्हणून टोचत होत्या, त्यांनी दर सोमवारची कृती टाका टाका वाचली होती. एका बोलकीने लिहिलं की आता मला माझ्या सपाट रुमालाची लाज वाटायला लागलीय. ताईंनी मला वेगळी मेल पाठवली. त्यात त्यांनी लिहिलं होतं की आयुष्यात एवढी चांगली चूक माझ्या हातून झाली नव्हती.

भाईंदर पश्चिमेच्या दोऱ्याच्या दुकानातल्या गुजराती काकांनीही मला त्या सुमारास विचारलं, मॅडम, ये क्रीम कलर में क्या है, सब लेडीज वही मांग रही हैं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. दुकानात गर्दी होती, तरी सांगितलं.

फोटोंच्या प्रिंट काढल्या, प्रकरण पुन्हा लिहिलं आणि सरांना वेळ विचारली. प्रबंध द्यायची मुदत जवळ आली होती. कॉलेजला सुट्टी होती, म्हणून त्यांनी रविवारी सकाळी घरीच बोलावलं. मीरा रोडला पेणकरपाड्याच्या बाजूला त्यांचा फ्लॅट होता. रिक्षात बसले तेव्हा माझी खात्री होती की आज सही घेऊनच परत येणार.

दार त्यांच्या पत्नीने उघडलं. काकूंना मी आधी एकदाच भेटले होते. त्या हसल्या, पाणी आणून दिलं आणि आत गेल्या. सर डायनिंग टेबलाशी बसले होते. त्यांनी प्रकरण सावकाश वाचलं, एकेक फोटो चष्मा वर करून पाहिला. मी जीव मुठीत धरून बसले होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले की काम चांगलं आहे, चिकाटी दिसते. आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"पण तुमचा मुद्दा सिद्ध होत नाही. या बायकांनी तुम्हाला उत्तर दिलं, म्हणजे त्या बोलल्या. बोलल्या म्हणजे त्या बोलणाऱ्यांत आल्या. मला जी अजूनही बोललेली नाही ती दाखवा. विचारल्यावरही न बोललेली. ती ग्रुपमध्ये आहे हे कसं सांगाल?"

जी बोलली नाही ती मला दिसणार कशी? एवढी धावपळ करून मी पुन्हा त्याच भिंतीपाशी येऊन उभी राहिले होते, आणि या वेळी ती भिंत पक्की होती. सर म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, हे एक प्रकरण काढलं की बाकीचा प्रबंध उत्तम आहे. असं म्हणत त्यांनी पेन घ्यायला हात बाजूला नेला.

त्यांच्या कोपराशी एक वाटी होती. त्यात पेनं होती, घराच्या किल्ल्या होत्या, मनगटातलं घड्याळ काढून ठेवलेलं होतं. क्रीम रंगाची वाटी, खळ घातलेली, कडेला तोच काठ.

समोर पसरलेल्या फोटोंमध्ये तीच वाटी इतक्या वेळा होती, तरी सरांना काही दिसलं नव्हतं. मला दिसलं. तोंड उघडलंसुद्धा. आणि तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन काकू दारात उभ्या दिसल्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी काय पाहिलं ते त्यांना कळलं होतं. ताईंनी विचारलं तेव्हा या बाईने फोटो पाठवला नव्हता. तिला सांगायचं नव्हतं. मग ते सांगणारी मी कोण? एका वाक्यात मी जिंकले असते, आणि माझ्या स्वभावाला हे केवढं कठीण होतं ते माझ्या घरच्यांना विचारा. मी तोंड मिटलं आणि टेबलाकडे बघत बसले.

काकूंनी ट्रे खाली ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "ती मी आहे."

सरांना कळलं नाही. "कोण?"

"तुम्ही मागताय ती. अजूनही न बोललेली." त्यांनी वाटी उचलली, पेनं, किल्ल्या, घड्याळ टेबलावर ओतलं आणि ती रिकामी वाटी माझ्या प्रकरणावर ठेवली. "ताईंनी विचारलं, तेही मी वाचलं. नाही लिहावंसं वाटलं. पण सोमवार मी कधी चुकवलेला नाही."

सर एकदा वाटीकडे, एकदा फोटोंकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "कधीपासून आहेस तू त्यात?"

"ग्रुप सुरू झाला तेव्हापासून. तुम्ही कॉलेजला गेलात की."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी होते तिथेच."

मी सरांकडे बघायचं टाळलं, कारण मला वाटलं त्यांचे डोळे भरले असावेत. काकूंनी टेबलावरचं एक पेन उचललं, टोपण काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"सही करा आता," त्या म्हणाल्या. "तिचा चहा निवतोय."

सरांनी वाटी बाजूला सरकवली आणि सही केली.